मुलगा कितवीत गेला?

आमच्या मुलाला शाळेत घातलं त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, त्याला घटसर्प झाला. आधी नुसता घसा दुखतो म्हणाला. मग ताप चढला, मान सुजली, आणि सरकारी इस्पितळात नेईपर्यंत त्याला श्वास घेणं जड जायला लागलं. आम्ही तेव्हा नाना पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मी जवळच्या शाळेत लहान वर्गांना शिकवत होते. ह्यांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं.

आम्ही दोघंही ख्रिस्ती घरांतले. पण माझा धर्म म्हणजे रोजची आंघोळ, लहानपणापासून अंगवळणी पडलेला. ह्यांचं तसं नव्हतं. हे मनापासून मानणारे. सकाळी दुकानाला जाण्याआधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून त्यावर विचार करत बसायचे, रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचे, उपासनेत खालच्या पट्टीतला आवाज लावायचे. चर्चच्या मंडळीत कुणाकडे आजारपण असलं की हे तिथं हजर.

त्या सुमारास बाहेरगावचे एक प्रचारक येऊन गेले होते. त्यांनी शिकवलं होतं की देवाकडे मागून झाल्यावर लगेच आभार मानावेत, मिळालंच आहे असं धरून चालावं. ह्यांनी ते मनावर घेतलं. मुलगा इस्पितळात असताना मला त्याच्याजवळ बसवून हे बुधवारच्या प्रार्थनासभेला गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी साक्ष दिली की प्रभूनं माझ्या मुलाला बरं केलं आहे. करील असं नाही म्हणाले, केलं आहे म्हणाले. सगळी मंडळी आमेन म्हणाली. परत आले तेव्हा चेहरा असा शांत होता, की मलाही वाटलं, झालं आता, पोरगं उद्या खायला मागेल.

तो आठवडा संपायच्या आत मुलगा गेला.

पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सांत्वनाची प्रार्थना होती. खोली भरली होती, काही माणसं गॅलरीत उभी होती. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेजारी मंडळीतले एक ज्येष्ठ पंच होते. ह्या पंचांच्या शब्दावर मंडळीचं सगळं चाले. गाणं झालं, वाचन झालं, आणि पंच बोलायला उठले. ते वाईट माणूस नव्हते. आमच्या मुलासाठी त्यांनी उपास केला होता. पण बोलता बोलता ते म्हणाले, "देवाच्या बाजूनं कधी काही कमी पडत नाही. आपल्याच विश्वासात कुठंतरी उणं राहिलं असेल. ते ज्यानं त्यानं शोधलं पाहिजे."

हे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांनी मान वर करून पाळकांकडे पाहिलं. पंचांकडे नाही, पाळकांकडे. पाळकांच्या मांडीवर शास्त्र मिटून ठेवलेलं होतं आणि ते त्याच्या पुठ्ठ्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत. मग शेवटची प्रार्थना सुरू झाली तेव्हा हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि सगळे जाईपर्यंत हातात पाण्याचा पेला धरून उभे राहिले. पाणी प्यायले नाहीत.

पुढच्या रविवारी मी पांढरं पातळ नेसून उपासनेला जायला तयार झाले. ह्यांनी दुकानाच्या किल्ल्या घेतल्या.

"तू जा," म्हणाले. "मला जमणार नाही."

"आज नाही जमणार?"

"जमणार नाही," एवढंच परत म्हणाले.

तेव्हापासून दुकान रविवारी उघडं आणि सोमवारी बंद, असा नेम झाला.

मंडळीनं आम्हाला सोडलं नाही, हे सांगितलं पाहिजे. भगिनी मंडळाच्या बायका यायच्या, कुणी भाजी आणायचं, कुणी शिरा. पण प्रत्येकीला जाताना ह्यांना काहीतरी सांगायचं असे. एकीनं सांगितलं, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच पारखतो. एकीनं तिच्या दिराची गोष्ट सांगितली, तोही असाच रुसला होता आणि मग कसा परत आला. पंचही दोन वेळा येऊन गेले. हे कुणाला उलट बोलले नाहीत. जिन्यावर ओळखीची पावलं वाजली की पायात चपला सरकवायचे आणि मागच्या जिन्यानं खाली उतरायचे. हळूहळू बायका माझ्याशीच बोलायला लागल्या. "तुम्ही प्रार्थना करत राहा, येतील ते," म्हणायच्या. मी मान हलवायची.

घरात आम्ही मुलाचं नाव काढत नव्हतो. ठरवून नव्हे. एकदा काढायचं राहिलं, मग दुसऱ्यांदा काढणं अवघड झालं, असं होत गेलं. त्याचे कपडे मी माझ्या बहिणीकडे नगरला पाठवून दिले. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारचा डबा घेऊन दुकानात जायची. अशीच एकदा बसले होते, तेव्हा पाळक आले. सायकल भिंतीला लावली, टोपी काढली. पन्नाशी उलटलेला, काटक, नगरकडच्या खेड्यातला माणूस. ह्यांना त्या जिन्याखालून निसटायला जागा नव्हती. हे एका व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ उघडून बसले होते. नमस्कार केला आणि पुन्हा काम सुरू केलं. शेजारी एक मुसलमान घड्याळजी बसत असत, त्यांनी आपलं स्टूल पुढं सरकवलं. पाळक त्यावर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या घरात मी गप्प बसलो. बोलायला हवं होतं. ते म्हणाले ते खरं नव्हतं."

ह्यांनी मान वर केली नाही. "खरं नव्हतं हे आपल्याला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"भीती वाटली," पाळक म्हणाले. "मंडळीत त्यांना दुखावून चालत नाही. असा हिशेब केला मी, तुमचा मुलगा जाऊन एक दिवस झाला असताना."

ह्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग ह्यांनी समोरच्या हॉटेलातल्या पोऱ्याला हाक मारून तीन चहा सांगितले. घड्याळजींना एक, पाळकांना एक, मला एक. स्वतः घेतला नाही. पाळक चहा पिऊन गेले. प्रार्थना करू का, असं त्यांनी विचारलं नाही. मला ते थोडं खटकलं. आमच्याकडे पाळक आला आणि प्रार्थना न करता गेला, असं होत नाही.

त्यानंतर ते येत राहिले. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघायला आलो होतो म्हणायचे, आणि पुढं पुढं तेही म्हणेनासे झाले. क्रिकेटचा सामना असला तर ऐकत बसायचे. त्यांना खेळातलं फारसं कळत नसे, मग हे त्यांना समजावून सांगायचे. त्यांच्या गावच्या जमिनीची भावकीत भानगड होती, ती ते ह्यांना सांगायचे आणि हे सल्ला द्यायचे. घड्याळजी त्यांना पादरीसाहेब म्हणत. तिघांचं बरं जमलं होतं. मी गेले की मला वाटायचं, आज तरी पाळक देवाचा विषय काढतील. ते कधी काढत नसत.

मंडळीत ह्याची चर्चा झालीच. उपासनेनंतर एका बाईंनी मला ऐकवलं, "आमच्याकडे यायला पाळकांना सवड होत नाही. बुधवार पेठेत कॉमेंट्री ऐकायला होते." पंचांनी सभेत विचारलं की ह्या भेटींतून काय निष्पन्न झालं. पाळकबाईंनी मला नंतर सांगितलं, पाळक म्हणाले, "ते मला बसू देतात, म्हणून मी बसतो." पंचांना ते उत्तर पटलं नाही.

शेवटी मीच एकदा पाळकांना उपासनेनंतर गाठलं. म्हटलं, "पाळकसाहेब, एकदा तरी त्यांना विचारा ना, का येत नाहीत."

"का येत नाहीत ते मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "विचारून काय करू?"

"मग परत कसे येतील?"

"मला माहीत नाही," म्हणाले. "मला खरंच माहीत नाही." आणि मग दारात थांबलेल्या माणसांशी हात मिळवायला गेले.

अशी पुष्कळ वर्षं गेली. व्हॉल्व्हचे रेडिओ जाऊन ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर. पाळकबाई वारल्या. त्या दफनाला हे आले होते, पण देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शिरले नाहीत, फाटकापाशी चिंचेखाली उभे राहिले आणि पुढं स्मशानभूमीत आले. पाळक निवृत्त झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. कात्रजला त्यांची भाची राहत होती, तिचा नवरा डेअरीत कामाला होता, त्यांनी पाळकांना आपल्याकडे नेलं. कात्रज तेव्हा गावच. धनकवडी मागं पडली की दोन्ही बाजूंना शेतं लागायची.

पाळकांना आता सायकल जमत नव्हती. तेव्हा हे जायला लागले. दर सोमवारी जेवून निघायचे, स्वारगेटला बस पकडायचे, संध्याकाळी परत. माझी शाळा असायची, म्हणून मी क्वचित जायची. कसे आहेत विचारलं की "बरे आहेत" म्हणायचे.

एका सोमवारी परत आले ते कपडे न बदलता कॉटवर बसून राहिले. मी चहा पुढं ठेवला. म्हणाले, "पाळकांचं डोकं चालत नाही गं आता."

"म्हणजे?"

"मला विचारलं, मुलगा कितवीत गेला."

एवढ्या वर्षांत ह्यांच्या तोंडून 'मुलगा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी खाली बसले.

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, तो नाही, पाळकसाहेब. आपणच पुरलंत त्याला." ह्यांनी चहा बाजूला सारला. "त्यांना काही आठवलं नाही. लहान मुलासारखे रडायला लागले. कधी गेला, कशानं गेला, मला कुणी कळवलं का नाही, असं विचारत राहिले. भाची धावत आली. मी निघालो तरी रडतच होते."

पुढच्या सोमवारी जाऊन आल्यावर मी विचारलं, पुन्हा तसं काही झालं का. "नाही," म्हणाले. "बरे होते आज." आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं माझं जाणं झालंच नाही; मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही बरोबर गेले. भाची ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. "या बाई," म्हणाली. "मामा आतच हायेत. आज जरा बरं हाय त्यांचं." पाळक खिडकीजवळ आरामखुर्चीत बसले होते. फार वाळले होते, पण दाढी केलेली, सदरा स्वच्छ. त्यांनी मला ओळखलं, की ओळखल्यासारखं केलं, सांगता येत नाही. ह्यांना मात्र ओळखलं. चेहरा उजळला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मुलगा काय म्हणतो? कितवीत गेला?"

"चौथीत," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अभ्यास करतो का?"

"करतो. गणितात जरा कच्चा आहे. ही घेते त्याचा अभ्यास."

पाळक माझ्याकडे वळून हसले. "लक्ष द्या हो, बाई. हुशार आहे तो." आणि मग म्हणाले, "परीक्षा जवळ आली असेल. त्याच्यासाठी प्रार्थना करू या." त्यांनी हात पुढं केला. हे खुर्ची ओढून जवळ गेले आणि मान खाली घालून बसले. त्या म्हाताऱ्यानं माझ्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याचं नाव घेऊन, त्याला बुद्धी दे, आरोग्य दे, आईबापाच्या डोळ्यांसमोर त्याला वाढव, असं मागायला सुरुवात केली. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन भाचीजवळ बसले. तिनं विचारलं, पाणी देऊ का. मी नको म्हटलं.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"झाली की दोन-तीन वर्षं. आधी पहिलीत होता."

"असं खोटं कसं बोलवतं तुम्हाला? त्याच्याबद्दल?"

"मग काय सांगू?" हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दर वेळी ती बातमी त्यांना नवी असते. दर सोमवारी जाऊन त्याला पुन्हा मारू?"

"आणि मला काय वाटत असेल?"

बस आली. आम्ही एका बाकावर बसून स्वारगेटपर्यंत आलो आणि एकमेकांशी बोललो नाही. त्या रात्री मी जेवले नाही. मला ह्यांचा राग आला होता, पाळकांचा आला होता, आणि देवाचाही आला होता, हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. कारण आमच्या घरात देवाला धरून राहिलेली मीच होते. मीच सोडला तर काय राहणार.

नंतरचे काही सोमवार मी काही विचारलं नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कितवीत आहे?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पाचवीत," म्हणाले. "इंग्रजी सुरू झालंय."

"अक्षर कसं आहे?"

"तुझ्यासारखं."

मी रडले. हेही रडले. मुलगा गेला तेव्हा आम्ही असे एकत्र रडलो नव्हतो. तेव्हा घरात माणसं होती, मग नव्हती, आणि मग ते राहूनच गेलं होतं. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत त्याच्याबद्दल बोललो. कैरीला तिखट लावायला सांगायचा ते. दुकानातल्या रेडिओच्या आत माणसं शोधायचा ते. इस्पितळात त्यानं शेवटी कुणाला हाक मारली होती, तेही ह्यांनी विचारलं, कारण त्या वेळी हे औषध आणायला गेले होते. मी सांगितलं.

तेव्हापासून जमेल तेव्हा मीही जात राहिले. मुलगा सहावीत गेला, सातवीत गेला. पाळक त्याच्यासाठी दर वेळी प्रार्थना करायचे आणि हे मान खाली घालून ऐकायचे. मी आता बाहेर जात नसे.

पाळकांचे शब्द हळूहळू तुटायला लागले. वाक्य सुरू करायचे आणि मध्येच विसरायचे. शेवटचं आजारपण लागलं तेव्हा त्यांनी खाटच धरली. आम्ही गेलो त्या दिवशी मंडळीचे नवे पाळक येऊन गेले होते. भाची म्हणाली, "मामांनी त्यांस्नी वळखलं न्हाई." आम्हालाही ओळखलं असं वाटलं नाही. मुलाचं विचारलं नाही. नुसते छताकडे बघत होते आणि ओठ हलत होते. हे जवळ वाकले. पाळक प्रभूची प्रार्थना म्हणायचा प्रयत्न करत होते. लहानपणापासून रोज म्हटलेली, हजारो लोकांना शिकवलेली प्रार्थना. सुरुवातीच्या ओळी आल्या, रोजच्या भाकरीपर्यंत पोचले, आणि पुढचं सापडेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले. त्यांच्या कपाळावर घाम आला. हात अंथरुणावर काहीतरी चाचपायला लागला.

मला ती सांगता आली असती. मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात ह्यांनी त्यांचा हात धरला आणि पुढची, क्षमेची ओळ हळू आवाजात म्हटली. पाळकांनी ती मागोमाग म्हटली. मग ह्यांनी त्यापुढची सांगितली. एकेक ओळ, थांबून, वर्गात मुलांना सांगायचे तशी, शेवटच्या आमेनपर्यंत. पाळकांचा हात शांत झाला. ते झोपले.

परत येताना बसमध्ये माझ्या मनात काय आलं, ते सांगायला नकोच. मी वाट बघत होते की हे काहीतरी बोलतील. पर्वतीपाशी आल्यावर हे म्हणाले, "तुला वाटतंय तसं काही नाही."

"मी काही म्हटलं का?"

"त्यांना हवं होतं, म्हणून म्हटलं. मला विसरायला झालेलं नाही, एवढंच." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "मला कुणी ऐकतंय असं वाटलं नाही. वाटलं असतं तर तुला सांगितलं असतं."

मी म्हटलं, "बरं."

पाळक त्याच आठवड्यात गेले. देवळात माणसांची दाटी झाली होती. हे आत आले, शेवटच्या बाकावर बसले, आणि गाणी सुरू झाल्यावर गायले नाहीत. स्मशानभूमीत खांदा दिला, माती दिली. माणसं पांगायला लागली तेव्हा पंच काठी टेकत ह्यांच्याजवळ आले. फार थकले होते. त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरले. "त्यांनी तुमच्यासाठी फार केलं," म्हणाले. "आता तरी परत येताय ना?"

"रविवारी दुकान असतं माझं," हे म्हणाले. पण हात सोडवून घेतले नाहीत. पंचांना रस्त्यापर्यंत धरून नेलं आणि रिक्षात बसवून दिलं.

नंतर ह्यांचे सोमवार मोकळे झाले. दुकान बंद, आणि जायला कुठं नाही. सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालायचे. एकदा मी शाळेतून आले तर घरात नव्हते. संध्याकाळी आले, म्हणाले, कात्रजला जाऊन आलो. भाचीकडेही गेले नव्हते. बसमधून उतरले आणि तिथूनच परतीच्या बसमध्ये बसले.

मी एकदा विचारलं, "आता कितवीत असता तो?" म्हणाले, "नको." मला कळलं. विचारणारा माणूस गेला, त्याबरोबर आमचा मुलगाही पुन्हा गेला होता. ह्या वेळी सातवीतला.

ह्यांना छातीचा विकार जडला तो त्यानंतर काही वर्षांनी. मी निवृत्त झाले होते. इस्पितळात त्यांच्याजवळ संध्याकाळी बसून मी हलक्या आवाजात माझी प्रार्थना म्हणायची. हे डोळे मिटून असायचे. एकदा मी दमले होते, तशीच पाय पसरून बसले. हे म्हणाले, "आज म्हटलं नाहीस?"

"तुम्हाला कुठं ऐकायची असते."

"तुला म्हटल्याशिवाय झोप येत नाही," म्हणाले. "म्हण."

मी म्हटली. त्यातून काही वेगळा अर्थ काढायचा नाही, हे मी तोपर्यंत शिकले होते. तरी काढावासा वाटलाच.

हे गेले त्या दुपारी आमच्या मंडळीचे तरुण पाळक आले. नुकतेच पुण्यात आले होते, ह्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अदबीनं बसले, दफनाच्या वेळा ठरवल्या. मग जरा अडखळत म्हणाले, "बाई, विचारू नये, पण बोलताना मला चुकीचं बोलायचं नाही. ते शेवटी विश्वासात होते का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ते खोटं बोलायचे ते फक्त दुसऱ्यांसाठी. स्वतःबद्दल कधी बोलले नाहीत."

पाळक गोंधळले. "मग मी काय सांगू?"

"रेडिओ दुरुस्त करायचे, असं सांगा. एका म्हाताऱ्या माणसाकडे दर सोमवारी जायचे, असं सांगा."

त्यांनी तसं सांगितलं. थोडक्यात आटोपलं, पण नीट सांगितलं.

घरी आलेल्या बायकांतली एक जण माझा हात धरून म्हणाली, "आता ते बाळाजवळ असतील." दुसरीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसरीनं काय विचार केला ते मला कळलं. माझ्याही मनात तोच होता. मला लहानपणापासून जे शिकवलं गेलं त्यात मुलाला स्वर्गात जागा आहे, ह्यांना आहे की नाही हे कुणी मला छातीठोकपणे सांगत नाही. आणि सांगितलं तरी मी विश्वास ठेवीन की नाही, कोण जाणे.

मी अजून दर रविवारी जाते. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची पद्धत नाही, आणि केली तरी काय मागायचं ते मला सुचत नाही. सगळ्यांसाठी मागून झालं, आजाऱ्यांसाठी झालं, प्रवासातल्यांसाठी झालं, की मी ह्यांचं नाव घेते, आणि थोडा वेळ तशीच बसून राहते.